हात बरा होईपर्यंत

कुंदाच्या पोटाला दोन बोटांनी चिमटा घेऊन डॉक्टर नेत्रा म्हणाल्या, "वा! हे तर भरपूर आहे."

तिच्या पोटाला आजवर कुणी वा म्हटलं नव्हतं. शिंपी माप घेताना तोंड वाकडं करायचा. जो तो डॉक्टर आधी वजन कमी करा म्हणायचा आणि मग काय होतंय ते विचारायचा. सासरची माणसं तर लग्न झाल्यापासून तिला भोपळा म्हणत आली, आणि तेही लाडाने म्हणे! दुसरी एखादी बाई त्या वा-ने हरखून गेली असती. कुंदा तपासणीच्या टेबलावर पडून छताच्या पंख्याकडे बघत राहिली. पंखा बंद होता.

"बघा, तुमच्या हाताचा व्रण आता दगडासारखा होत जाणार," डॉक्टर सांगत होत्या. "तो जरा पिकू दे. मग आपण पोटातली ही चरबी बारीक नळीने ओढून काढू, धुऊ, गाळू. चरबीत काही पेशी अशा असतात की त्या जातील तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कडक कातडी मऊ पडते. त्या वेगळ्या काढायच्या आणि सुईने तुमच्या हातात भरायच्या. पण त्यांना चरबी लागते वाटीभर. तुम्हाला त्याची काळजी नाही."

कोपऱ्यात उभा असलेला काशीराम, म्हणजे कुंदाचा नवरा, हात जोडून म्हणाला, "देवाची कृपा."

"देवाची की भाताची?" डॉक्टर हसून म्हणाल्या. काशीरामही हसला. कुंदाला हसू आलं नाही. रडूही येत नव्हतं, रागही येत नव्हता. भाजल्यापासून तिला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

झालं होतं ते असं. अंधेरीला पद्मजाबाईंचं पोळीभाजी केंद्र आहे, तिथे कुंदा पोळ्या लाटायला होती. पोळ्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गटारी अमावस्येच्या आदल्या दिवशी कोंबडी-वड्यांची मोठी ऑर्डर आली म्हणून पद्मजाबाईंनी तिला तळणावर उभं केलं. कढई कलंडली. आणि माणूस जे करतं तेच तिने केलं, पडणारी वस्तू धरायला गेली. उजवा हात मनगटापर्यंत उकळत्या तेलात. नंतर जखम चिघळली, ताप डोक्यात गेला, आणि एका दुपारी वॉर्डातल्या डॉक्टरांनी काशीरामला बाहेर बोलावून सांगितलं की आता काही सांगता येत नाही.

काशीराम शूटिंगवर लाइटमन. वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला जायचं आणि तिथल्या बंगल्यांत सिरियलवाल्यांचे दिवे चढवायचे, उतरवायचे. बोलायला कमी, खायला पुढे. पण त्या दुपारी हा गडी हॉस्पिटलच्या जिन्यात गेला, गाव कुठल्या दिशेला येतं याचा अंदाज घेतला, चपला काढल्या आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! माज्या बायलेक वाचव. तिचो हात बरो होयसर ती एकभुक्त ऱ्हवतली. भाताक, माशाक शिवाची नाय!" गाऱ्हाण्याला मागून कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं, तर मुलगी जान्हवी तिथे रडत उभी होती, तिने म्हटलं.

कुंदा वाचली. औषधांनी म्हणा नाहीतर गाऱ्हाण्याने म्हणा, शुद्धीवर आली, आणि पहिल्यांदा पेज मागितली तेव्हा तिला कळलं की आपण आता एकभुक्त आहोत. नवस बोलायचा याने आणि पाळायचा तिने. आपल्याकडे ही फार जुनी सोय आहे. पण तिने का म्हणून विचारलं नाही. मान हलवली आणि पेजेऐवजी पाणी प्यायली.

व्रण पिकायची वाट बघायचे ते सगळे महिने असेच गेले. सकाळी चहा, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, मग दुसऱ्या दिवशीचा चहा. भूक लागायची नाही असं नाही, पण ती कुठेतरी लांब लागायची, शेजाऱ्यांकडचा टीव्ही ऐकू यावा तशी. हातावर पट्टी, पट्टीवर बोटं सरळ ठेवणारी प्लास्टिकची पकड, आठवड्याला व्यायाम. व्रण तांबडा, मग जांभळा, मग चकचकीत झाला. त्याच्यावर गरम चहा सांडला तरी कळायचं नाही. जान्हवीने एकदा घाबरून तिचा हात चहातून ओढून काढला होता आणि ही तिच्याकडे नुसती बघत होती.

काशीराम समोर बसून जेवायचा. आधी आधी त्याला घास उतरत नसे. मग उतरायला लागला. मग तिच्या वाटचा भातही वाया कशाला घालवायचा म्हणून तो खाऊ लागला, आणि त्याचं पोट शर्टाची बटणं ओढू लागलं.

आणि लोक! अहो, लोकांना काय आनंद झाला म्हणून सांगू! "कुंदा, काय बारीक झालीस गं! झकास!" "कुठलं डाएट, आम्हालाही सांग की." चाळीतून नवीन बिल्डिंगीत आल्यापासून जिने कधी चहालाही हाक मारली नव्हती ती समोरची बाई लिफ्टमध्ये सेल्फी काढून गेली. पट्टी बदलणाऱ्या तरुण डॉक्टरांनी तर साखर उतरली, प्रेशर उतरलं म्हणून तिच्या पाठीवर थाप मारली. नेत्रा डॉक्टर मधल्या काळात भेटल्याच नाहीत. एवढ्या जाड बाईला बारीक होऊ नका असं सांगून ठेवावं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. आणि कुंदाला, काशीरामला, बी.कॉम.ला असलेल्या जान्हवीला, कुणालाच ही जोडणी लागली नाही. पोट ते पोट, नवस तो नवस. दोन्ही हातासाठीच चाललं होतं ना!

मग तो दिवस आला. नेत्रा डॉक्टरांनी पडदा ओढला, चिमटा घेतला, आणि त्यांच्या बोटांत नुसती कातडी आली. त्यांनी दुसरीकडे घेतला. मांडीला घेतला. मग चष्मा काढला.

"तुम्हाला काय झालं होतं मधे? कावीळ? टीबी?"

"काही नाही," कुंदा म्हणाली. "उपास आहे."

"कसला उपास?"

कुंदाने सांगितलं. जसं आज भेंडी आणली असं सांगावं, तसं सांगितलं. हात बरा होईपर्यंत एक वेळ जेवायचं, भात नाही, मासे नाहीत. डॉक्टर खुर्चीत बसल्या. रक्ताचे कागद त्यांनी एकदा वाचले, पुन्हा वाचले.

"अहो, रक्त नाही अंगात, प्रोटीन नाही. या शरीराला मी सुई लावू शकत नाही, चरबी तर सोडाच," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि तो चढलाय हे त्यांनाही कळत होतं. "जे तुमच्या हाताला लागणार होतं तेच तुम्ही संपवलंत. हातासाठी! आणि इकडे बोटांचे सांधे धरत चाललेत. ते थांबत नाहीत कुणासाठी."

तेव्हा काशीरामने जे केलं ते कुंदाने नंतर कुणालाच सांगितलं नाही. तो पडद्याच्या आत आला. पँटीत खोचलेला शर्ट त्याने ओढून काढला, बटणं सोडली, बनियन वर केला आणि ते मोठं केसाळ पोट दोन्ही हातांत धरून डॉक्टरांच्या पुढे केलं.

"ह्या घ्या. हिच्याच वाटणीचा जेवान आसा ह्या. काढा सगळा."

डॉक्टरांनी रक्ताचे कागद खाली ठेवले. मग हळू म्हणाल्या, "काका, दुसऱ्याची चरबी शरीर ठेवून घेत नाही. तिचीच लागते."

"मी काय दुसरो? नवरो मी तिचो."

"नवऱ्याचीही नाही चालत."

तो तसाच उभा राहिला, बनियन हनुवटीखाली दाबून. कुंदाला वाटायला हवं होतं की याला जवळ घ्यावं, नाहीतर याला चांगली मुस्कटात मारावी. दोन्हींतलं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "शर्ट घाला. पंखा चालू आहे, सर्दी होईल."

बाहेर येऊन दोघं रिक्षात बसले तेव्हा गाठ त्यांच्या लक्षात आली. हात बरा होईपर्यंत जेवायचं नाही. जेवल्याशिवाय हात बरा होणार नाही. काशीराम जोगेश्वरीपर्यंत तोंडातल्या तोंडात तेच उलटंसुलटं करत बसला होता. शेवटी घराच्या दारात म्हणाला, "देवाकच इचारूया. त्याणां बांधल्यान, तोच सोडात."

गावच्या देवळात धोंडिराम गुरव असतो. तो कौल लावतो. देवाच्या दगडी अंगावर डावीकडे आणि उजवीकडे फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि थांबायचं. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. काशीरामच्या घरात जमिनीचं, सोयरिकीचं, मुंबईत घर घ्यायचं, सगळं या कौलावर ठरत आलं होतं. कौल झाल्यावर त्यावर चर्चा नाही. त्याच्या सख्ख्या भावाने डाव्या कौलावर लग्न केलं तर काशीराम त्या लग्नाला गेला नव्हता, असा माणूस.

कामाच्या दिवसांत गावी जाणं जमेना, म्हणून व्हिडिओ कॉल. रविवारी सकाळी काशीराम आंघोळ करून, टॉवेल गुंडाळून, फोन घेऊन गॅलरीत उभा राहिला. तिथेच त्यातल्या त्यात नेटवर्क येतं. कुंदा मागे स्वयंपाकघराच्या दारात डाव्या हाताने भाजी निवडत होती. फोनमधून धोंडिरामचा आवाज तुटत तुटत येत होता. देवाचं काळं अंग, त्यावर पांढऱ्या पाकळ्या.

"बा देवा म्हाराजा, हिचो उपास सोडूक परवानगी दी."

बराच वेळ काही झालं नाही. खाली भंगारवाला ओरडत गेला. मग पाकळी पडली. कुंदाला नवऱ्याच्या खांद्यावरून स्वच्छ दिसलं. डावी.

"परत लाव," काशीराम म्हणाला. आवाज दबलेला. "परत इचार त्याका."

"काशीराम, परत इचारूक नाय," धोंडिराम म्हणत होता. "तुका ठावक आसा."

"लाव म्हणतंय ना!"

लावली. पुन्हा डावी. काशीरामने फोन बंद केला. तो वळला तेव्हा कुंदा मान खाली घालून भाजीचे देठ मोडत होती.

"कुंदा," तो म्हणाला. "उजवो दिल्यान गो. देवान उजवो दिल्यान."

त्याचे डोळे वटारल्यासारखे मोठे झाले होते आणि कपाळाला घाम आला होता. देवाच्या नावाने हा माणूस उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता. गंमतीत शपथ घेतली तर जान्हवीच्या पाठीत धपाटा घालायचा. कुंदाने वर बघितलं, आणि "बरं झालं," म्हणाली.

त्या दिवशी त्यानेच भात लावला. सौंदाळे माशाचं तिकलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण केलं, तिरफळं घालून, जमेल तसं. तिच्यापुढे ताट ठेवलं. ती डाव्या हाताने चमच्याने जेवली. भात गिळताना घसा दुखला, एवढंच. काशीराम समोर बसून होता.

"तुम्ही?"

"माका भूक नाय. सेटवर खाल्लंय."

रविवारी कसला सेट! तिला कळलं. तिला तेव्हाच कळलं की तिच्या मानेवरचं ओझं काढून या माणसाने स्वतःच्या मानेवर घेतलंय. पण कळणं आणि वाटणं यांच्यात तिच्या आत एक मोठी पोकळी पडली होती. कळलेलं त्यात पडायचं आणि आवाजसुद्धा यायचा नाही. तिने आणखी थोडा भात वाढून घेतला.

मग ती जेवू लागली. अंडी, मासे, तूप, दूध, डॉक्टरांनी जे जे सांगितलं ते ते, औषधासारखं वेळच्या वेळी. पोट परत धरू लागलं. समोरच्या बाईने लिफ्टमध्ये "अरेरे, परत?" म्हटलं, कुंदाने मजल्याचं बटण दाबलं. आणि काशीराम उतरत गेला. आधी पोट, मग गाल, मग मानेच्या शिरा. दुपारची एक भाकरी. "बाबा, जिम लावलीस का?" जान्हवी हसून विचारायची. तो म्हणायचा, "हिरो होतंय." शूटिंगवर दिवा चढवताना एकदा शिडीवर चक्कर आली, हे सेटवर डबे पाठवणाऱ्या पद्मजाबाईंकडून फिरत फिरत घरात आलं. कुंदाने ऐकलं आणि पोळीला तूप लावून घेतलं. जेवलं नाही तर हात नाही, एवढी एकच गोष्ट तिने धरून ठेवली होती.

ऑपरेशन झालं. हात आणि पोट बधिर करून केलं, म्हणजे ती जागी होती. नळीतून चरबी बाटलीत येताना दिसली, पिवळीधमक, हळद घातलेल्या साजूक तुपासारखी. सिस्टर म्हणाली, "मावशी, सोनं आहे." ती चरबी मग कुठेतरी आतल्या खोलीत गेली, धुतली, गाळली गेली आणि सुईने थोडी थोडी करून व्रणाच्या खाली परत आली. असं एकदा झालं, मग काही काळाने पुन्हा एकदा. व्रण खरंच मऊ पडला, हे मान्य करायला हवं. दगड होता त्याची कातडी झाली. अंगठा वाकला, त्याच्याकडे पहिलं बोट आलं, दुसरं आलं. शेवटची दोन नाही आली.

"सांधे धरलेत," नेत्रा डॉक्टर म्हणाल्या. या वेळी आवाज चढला नव्हता. "मधले महिने गेले ना, त्यात धरले. या दोन बोटांचं आता एवढंच."

"पूर्ण बरो कधी होतलो?" काशीरामने विचारलं. तो दाराला टेकून उभा होता. पट्टा कंबरेला दुमडून बांधावा लागत होता त्याला.

"पूर्ण नाही होणार, काका. पण कामाला येईल."

"म्हणजे बरो झालो असां नाय म्हणूचा."

"पूर्ण बरा असं नाही म्हणता येणार."

त्याने मान हलवली. दोनदा हलवली. कुंदा त्याच्याकडे बघत होती. हात बरा होईपर्यंत, असं बोलला होता तो देवाला, आणि आता डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं की ते कधीच होणार नाही. त्याने ते ऐकून घेतलं आणि रिक्षा बघतो म्हणून बाहेर गेला. पायऱ्या उतरताना कठड्याला धरून उतरला. ही मरेपर्यंतची गोष्ट होती, आणि तो ती कुणाला न सांगता करणार होता.

तेव्हा आत काहीतरी उठलं. हळूबिळू नाही, एकदम, ओकारी यावी तसं. राग! इतका राग की तिला भिंतीला हात लावावा लागला. त्याच्यावर, जिन्यातल्या त्या गाऱ्हाण्यावर, कढईवर, झकास म्हणणाऱ्या सगळ्या सटव्यांवर, आणि स्वतःवर, की हा माणूस समोर वाळत होता आणि मी तूप लावत बसले.

घरी आल्यावर तिने पदर खोचला. जान्हवीला बाजूला केलं. भात लावला, बांगडे चिरले, तीन बोटांनी आणि डाव्या हाताने, वेळ लागला तो लागला. ताट वाढलं, पाट ठेवला.

"जेवा."

"दुपारी भाकरी खाल्लंय मी," काशीराम म्हणाला. "पोट भरलेला आसा."

"जेवा म्हणते मी!"

तो हलला नाही. मग कुंदा देवाच्या फळीपुढे जाऊन उभी राहिली. त्यांच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. कुणी घातल्याचं तिने ऐकलंही नव्हतं. तिने चपला आधीच काढल्या होत्या, हात जोडले, दोन बोटं वाकडीच राहिली, आणि ती ओरडली. बिल्डिंगभर ऐकू जाईल असं ओरडली.

"बा देवा म्हाराजा! त्या दिसा तू डावो दिलंस, माका दिसलो! दोनदा दिलंस! ह्यो माणूस माज्यासाठी तुज्या नावान खोटा बोललो आणि माजो उपास सोताच्या अंगार घेतल्यान. तर ऐक आता. माजो हात बरो झालो! ह्यो बघ. बरो झालो माजो हात! नवस फिटलो! माज्या घोवाक मोकळो कर!"

काशीराम उभा राहिला होता. त्याचं तोंड उघडं होतं. जान्हवी दारात दगड झाली होती.

"व्हय म्हाराजा म्हणा," कुंदा म्हणाली. ती आता रडत होती, नाक, डोळे, सगळं वाहत होतं. "म्हणा!"

तो तिच्या हाताकडे बघत होता. त्या दोन बोटांकडे.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

आणि पाटावर बसला. तिने बांगड्याचं तिकलं वाढायला डाव उजव्या हातात घेतला. तो हातात ठरला नाही, कलंडला, कालवण ताटाच्या बाहेर फरशीवर सांडलं. दोघांनी ते बघितलं. काशीरामने ताट उचललं आणि तिच्या हाताखाली धरलं.